विचारांचे काम करणाऱ्यांचे कार्यालय: आधी शांतता, मग भेटीगाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय अभ्याससाहित्य तयार करणारी २८ जणांची एक संस्था बाणेरमध्ये तिसऱ्या मजल्यावर ३,००० चौरस फूट कार्पेट क्षेत्राची जागा घेत आहे. माणसांत लेखक, संपादक, चित्रकार आणि प्रोग्रॅमर आहेत, शिवाय हिशेब आणि विक्री पाहणारे पाच-सहाजण आहेत. जागेच्या उत्तरेला मोठ्या खिडक्या आहेत आणि पश्चिमेला रहदारीचा रस्ता आहे. सगळ्या केबिन पाडून एकच मोकळा हॉल करावा, भिंती रंगीत असाव्यात, बीनबॅग ठेवाव्यात आणि निम्मी टेबले कोणाच्याही नावाची नसावीत, म्हणजे लोक एकमेकांत मिसळतील आणि त्यांना नवे काही सुचेल, असा संस्थाचालकांचा विचार आहे. त्यावर त्यांनी मत विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे पुण्यात कार्यालयांच्या अंतर्गत रचनेचे काम करत आहे. माझे मत आधीच सांगतो: एकच मोकळा हॉल करू नका. ज्या कामात तासभर एकच धागा डोक्यात धरून ठेवावा लागतो, त्या कामाला सर्वांत आधी शांतता लागते. भेटीगाठींची जागा त्या शांततेला लागून असावी, पण तिच्या बाहेर असावी. आणि आत बसायचे की बाहेर यायचे, हे ज्याचे काम आहे त्याला दिवसातून कितीही वेळा स्वतः ठरवता आले पाहिजे. खाली जे काही लिहिले आहे, ते सगळे याच एका गोष्टीसाठी आहे.

भिंती काढल्या की लोक बोलू लागतात हा समज फार जुना आहे आणि वरवर पाहता पटतोही. जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस श्नेले बंधूंनी याच विश्वासातून विनाभिंतींची विस्तीर्ण कार्यालये मांडायला सुरुवात केली होती. मात्र २०१८ मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत, भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर, कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक लावून मोजणी केली, तेव्हा समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आणि ईमेल वाढल्याचे दिसले. यात मला आश्चर्य वाटत नाही. सगळ्यांच्या नजरेसमोर आणि सगळ्यांच्या कानावर पडेल अशा ठिकाणी माणूस अर्धवट कल्पना बोलून दाखवत नाही. तो हेडफोन लावतो आणि मान खाली घालतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या काळात एका कंपनीसाठी मी ४० जणांचा एकच हॉल केला: उघडे छत, काँक्रीटची जमीन, एका बाजूला पूर्ण काच. छायाचित्रे सुरेख आली. सहा महिन्यांनी मी तिथे गेलो, तेव्हा दोन प्रोग्रॅमर जिन्याच्या चौकटीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते आणि एक लेखिका रोज दुपारनंतर घरी जाऊन लिहीत होती. हॉलमध्ये जेवढ्यांना बसता यावे असे आम्ही ठरवले होते, तेवढ्यांना तिथे काम करता येत नव्हते. त्या दिवसापासून नकाशा काढण्याआधी मी ध्वनीचा विचार करतो.

अडचण आवाजाच्या मोठेपणात फारशी नसते. पंख्याची घरघर किंवा पाऊस यांची कानाला सवय होते. कळणाऱ्या शब्दांची होत नाही, कारण आपल्या भाषेतले वाक्य कानावर पडले की मन ते आपोआप समजून घेऊ लागते. फोनवरचे बोलणे त्याहून त्रासाचे, कारण अर्धेच संभाषण ऐकू येते आणि उरलेले अर्धे काय असेल याचा अंदाज मन बांधत राहते. लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात चाललेले वाक्य आणि शेजारचे ऐकू येणारे वाक्य यांना एकच दार असते. २०२० नंतर प्रत्येक जण दिवसातून दोन-तीनदा व्हिडिओवर बोलतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी जो हॉल कसाबसा चालून गेला असता, तो आज चालत नाही.

आता तुमच्या जागेबद्दल. उत्तरेच्या खिडक्यांना लागून प्रत्येकी सुमारे २२० चौरस फुटांच्या पाच खोल्या करा. एकेका खोलीत चार किंवा पाच माणसे बसतील, म्हणजे २२-२३ जणांची सोय होईल. यात १,१०० चौरस फूट जातात. एका खोलीत एकाच प्रकारचे काम ठेवू नका. एकाच पुस्तकावर काम करणारे लेखक, चित्रकार आणि प्रोग्रॅमर एकत्र बसवा, कारण त्यांना एकमेकांचे बोलणे हवे असते आणि ते कधी थांबवायचे हे चार माणसांना आपसात ठरवता येते. पंचवीस माणसांना असे ठरवता येत नाही. हिशेब आणि विक्रीच्या मंडळींचा फोन सतत चालतो, म्हणून त्यांना प्रवेशाजवळ, रस्त्याच्या बाजूला जागा द्या. संचालकांनी खिडकीची जागा स्वतःकडे घेऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे बहुतेक कार्यालयांत उजेडाची भिंत केबिनकडे जाते आणि दिवसातले आठ तास डोळे ताणणारी माणसे मधल्या अंधारात बसतात.

या खोल्यांच्या भिंतींवर पैसे खर्च करा, कारण इथे वाचवलेला पैसा पुढे दुप्पट जातो. आवाजाच्या दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि त्यांची उत्तरेही वेगळी असतात. खोलीत आवाज घुमतो ही एक आणि खोलीतून आवाज झिरपतो ही दुसरी. घुमणे कमी करायला मऊ, सच्छिद्र पृष्ठभाग लागतात. विट्रिफाइड टाइल, पीओपीचे गुळगुळीत छत आणि काच हे तिन्ही एकत्र आले की खोली विहिरीसारखी वाजते. छत हा सर्वांत मोठा मोकळा पृष्ठभाग असतो, म्हणून मिनरल फायबरच्या किंवा वूडवूलच्या टाइल्स आधी छताला लावा आणि मग भिंतींकडे वळा. झिरपणे थांबवायला मात्र वजन आणि बंदिस्तपणा लागतो. भिंतीवर चिकटवलेला, अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम पलीकडे जाणारे बोलणे अडवत नाही, शिवाय तो आगीला धोकादायक असतो. तो लावू नका. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दोन-दोन थर द्या, मध्ये ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचा थर) भरा आणि ती भिंत थेट वरच्या स्लॅबला टेकवून फटी सीलंटने बुजवा. बहुसंख्य ठिकाणी पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबवतात. वरच्या पोकळीतून आवाज सहज पलीकडे उतरतो आणि मालकाला वाटते की भिंत पातळ आहे. पोकळीतून जाणाऱ्या एसीच्या डक्टभोवतीची भोकेही बुजवायला हवीत. दार पोकळ नको, भरीव फ्लश डोअर हवे, त्याला उभी काचेची पट्टी असावी म्हणजे आत कोण आहे ते दिसते, आणि दाराखालची फट बंद करणारी सील असावी. या कामात सुतारापेक्षा देखरेख करणाऱ्याची कसोटी लागते. छत बंद होण्याआधी स्वतः शिडीवर चढून वरची कड पाहा.

फोनसाठी चार छोट्या खोल्या ठेवा, चार फूट बाय चार फूट पुरतात. त्यांत एक्झॉस्ट पंखा हवाच, नाहीतर दहा मिनिटांत माणूस दार उघडून बाहेर येतो आणि फोन पुन्हा पॅसेजमध्ये सुरू होतो.

हवेबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या शहरांत हा भाग जवळजवळ कोणी पाहत नाही. स्प्लिट एसी किंवा छताचा कॅसेट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. बाहेरची हवा आत आणत नाही. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ ते १९ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तुमची बैठकीची खोली १३० चौरस फुटांची आणि नऊ फूट उंचीची धरली, तर तिच्यात सुमारे ३३,००० लिटर हवा मावते. दार बंद करून सहा माणसे बसली, तर फटींतून होणारी ये-जा सोडून अर्ध्या तासात या वायूचे प्रमाण सुमारे १,७०० पीपीएमने (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांमागे किती भाग) वाढते. बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या आसपास असते. म्हणजे बैठक रंगात येण्याच्या सुमारास खोलीत २,००० पीपीएम झालेले असतात आणि आपण त्याला दुपारची सुस्ती म्हणतो. या वायूचा विचारशक्तीवर नेमका किती परिणाम होतो, याबद्दल सगळ्या प्रयोगांचे निकाल सारखे आलेले नाहीत, पण कोंदट खोलीत डोके जड होते आणि निर्णय घाईने घेतले जातात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याबाबत मला शंका उरलेली नाही.

माझा ठोकताळा असा आहे: माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा. तेवढी मिळाली तर प्रमाण १,००० पीपीएमच्या जरासे खाली स्थिरावते. तुमच्या २८ जणांसाठी हा हिशेब सेकंदाला २८० लिटर, म्हणजे तासाला सुमारे १,००० घनमीटर होतो. एवढ्यासाठी इमारतीची यंत्रणा बदलावी लागत नाही. फिल्टर बसवलेला एक फ्रेश एअर फॅन आणि प्रत्येक खोलीपर्यंत जाणारा एक बारीक डक्ट पुरतो. हवा रस्त्याच्या बाजूने घेऊ नका, उत्तरेकडून घ्या. बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर भिंतीवर टांगा. आकडा डोळ्यांसमोर असला की लोक स्वतःहून दार उघडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा खिडकी उघडण्याजोगी असते, म्हणून प्रत्येक खोलीत निदान एक झडप उघडणारी हवी. कुंड्या अवश्य ठेवा, त्या डोळ्यांना विसावा देतात. हवा शुद्ध करण्याचे काम मात्र त्यांच्यावर सोपवू नका. एवढ्या माणसांसाठी ती मात्रा फार अपुरी पडते.

उजेडाचे तुलनेने सोपे आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड कामापुरता पोहोचतो. तुमची कड सात फुटांवर असेल, तर चौदा ते सतरा फूट. सगळी टेबले त्या पट्ट्यात बसवा आणि खिडकीला काटकोनात लावा, म्हणजे पडद्यावर चमक येत नाही आणि खिडकी डोळ्यांसमोरही येत नाही. बैठकीच्या खोल्या, सर्व्हर आणि सामानाची खोली आतल्या बाजूला जाऊ द्या. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या मधल्या काळात, दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. तो इतका उंचावर असतो की वर फूट-दीड फुटाचे छज्जे असले की पुरते, पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या किरणांसाठी बाजूला पडदे लागतील. छताचे दिवे मंद ठेवा आणि प्रत्येक टेबलावर स्वतःचा दिवा द्या.

भेटीगाठींकडे येतो. चहाची जागा ही कार्यालयाची मुख्य खोली आहे असे समजून तिला ४०० चौरस फूट द्या. नेहमीची पद्धत अशी असते की पँट्री मागे, स्वच्छतागृहाच्या शेजारी, एका खिडकी नसलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते आणि मग सगळे जण अकराला आणि चारला खाली टपरीवर जातात. टपरी वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तिथे फळा नसतो आणि ज्याला खाली उतरायला जमत नाही तो त्या बोलण्याला मुकतो. पाचही खोल्यांतून बाहेर पडणारा माणूस या जागेवरून गेलाच पाहिजे, अशा ठिकाणी ती ठेवा. उभे राहून टेकता येईल असा एक उंच ओटा, बाराजणांना एकत्र डबा खाता येईल असे एक लांब टेबल, डब्यांच्या वासासाठी जोरकस एक्झॉस्ट आणि एका पूर्ण भिंतीला फळा. केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन इन्स्टिट्यूटमध्ये गणितज्ञांसाठी लिफ्टमध्ये आणि स्वच्छतागृहांतसुद्धा फळे लावले आहेत. तेवढे टोक गाठायची गरज नाही, पण बोलणे जिथे घडते तिथे हाताशी लिहायला काहीतरी हवे, ही त्यामागची समज योग्य आहे.

तुम्हाला वेळ असेल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था पाहून या. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिची रचना करताना मध्यभागी कुंडासारखा उतरत्या पायऱ्यांचा चौक ठेवला आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे बसवले. अभ्यासकाला स्वतःची खोली आहे, दार लावता येते, आणि बाहेर आले की चौक आहे. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूट या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वास्तुविशारद लुई कान यांनी १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीत हेच वेगळ्या रीतीने साधले. प्रयोगशाळा खांबांविना प्रशस्त आणि मोकळ्या ठेवल्या, पण संशोधकांच्या अभ्यासिका त्यांच्यापासून जरा अलग काढल्या, त्यांना सागवानी लाकडाचे आवरण दिले आणि खिडक्या समुद्राकडे वळवल्या. आपल्या वाड्यांतही ओसरी, सोपा आणि माजघर असा उघड्यापासून खासगीपर्यंतचा उतार होता आणि पाहुण्याला कुठे थांबायचे ते सांगावे लागत नसे. तुमच्या जागेत प्रवेश, चहाची जागा, पॅसेज आणि खोली असा तोच क्रम बसतो.

टेबले कोणाच्या नावाची नसावीत, या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. लॉस एंजेलिसमधल्या शियाट-डे या जाहिरात संस्थेने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांची ठरलेली टेबले काढून टाकली. लोक आपली कागदपत्रे गाडीच्या डिकीत ठेवू लागले आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. निर्मितीचे काम एका दिवसात संपत नाही. संध्याकाळी टेबलावर अर्धी चित्रे, कात्रणे, खुणा केलेली प्रत जशी पसरलेली असेल तशी ती सकाळी सापडली पाहिजे, कारण त्या पसाऱ्यातच विचार कुठवर आला होता ते लिहिलेले असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून चालू असलेल्या संस्कृत महाकोशाच्या प्रकल्पाचे स्क्रिप्टोरियम, म्हणजे शब्दचिठ्ठ्यांचे दालन, मी पाहिले आहे. सुमारे एक कोटी शब्दचिठ्ठ्या तिथे कपाटांत क्रमाने लावलेल्या आहेत आणि कोशकार त्यांच्या सान्निध्यात बसून काम करतात. कामाचे साहित्य हाताच्या अंतरावर आणि नजरेसमोर असणे म्हणजे काय, ते त्या खोलीत कळते. तुमच्या प्रत्येक खोलीत एक भिंत टाचण्या टोचता येतील अशा सॉफ्टबोर्डची करा, जमिनीपासून छतापर्यंत, आणि ती आवरायचा नियम करू नका.

शेवटचा मोठा मुद्दा बदलता येण्याचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी लाकडी सांगाड्याची एक तीन मजली इमारत घाईने उभारली होती. युद्ध संपले की पाडायची होती, पण ती १९९८ पर्यंत टिकली. बिल्डिंग २० असे तिचे साधे नाव. ती उन्हाळ्यात तापायची आणि थंडीत गारठायची, तरी नोम चॉम्स्की यांचे भाषाशास्त्र, अमर बोस यांचे ध्वनिविषयक काम आणि जेरोल्ड झकॅरियास यांचे आण्विक घड्याळ अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी वाढल्या. घड्याळाच्या प्रयोगाला उंची हवी होती, तेव्हा झकॅरियास यांनी सरळ वरचे दोन मजले कापले. कोणाची परवानगी मागायची गरज वाटली नाही, कारण इमारत कोणालाच मौल्यवान वाटत नव्हती. तिच्या सोयी अनुकरणीय नाहीत, पण राहणाऱ्यांना भिंतीवर खिळा मारायची भीती वाटू नये, हे मात्र अनुकरणीय आहे.

यासाठी जमिनीला ठोकलेली प्लायवूडची वर्कस्टेशन करू नका. आपल्याकडचे सुतार ती सुबक करतात, पण ती एकदा बसली की रेसवेसकट (वायरी नेणाऱ्या पन्हळींसकट) कायमची होतात. पाच फूट बाय अडीच फुटांची, स्वतंत्र पायांची टेबले घ्या आणि वीज व नेटवर्कचे पॉइंट भिंतीच्या कडेने चार-चार फुटांवर ठेवा, म्हणजे दोन माणसांना टेबल उचलून हवे तिथे नेता येईल. आणि ३०० चौरस फूट, म्हणजे जागेचा दहावा हिस्सा, पहिले वर्षभर रिकामा ठेवा. त्यात फक्त दिवे, पॉइंट आणि सरकता फळा असू द्या. संचालकांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते, म्हणून हे मी लेखी मागतो. वर्षभराने तिथे काय करायचे ते तुमची माणसेच सांगतील. एका संस्थेत तिथे छायाचित्रणाचा कोपरा झाला, तर दुसऱ्या एका संस्थेत दुपारी वीस मिनिटे पडायची खोली.

रंगांबद्दल मला फार सांगण्यासारखे नाही. जो आवडेल तो द्या, फक्त संगणकाच्या पडद्यामागची भिंत शांत असू द्या. बीनबॅगवर लिहिणाऱ्याची पाठ टिकत नाही. तो पैसा चांगल्या खुर्च्यांना द्या.

नकाशा काढण्याआधी दोन आठवडे प्रत्येकाला एक कागद द्या आणि दर अर्ध्या तासाला एकच खूण करायला सांगा: एकटा, दोघे, गट, की फोन. मी अशा नोंदी घेतल्या तेव्हा जवळपास प्रत्येक ठिकाणी संचालकांचा अंदाज आणि नोंद यांत मोठा फरक निघाला आणि खोल्यांची संख्या त्यावरून बदलली. तुमच्या नोंदीत एकट्याचे काम मी धरले आहे त्याहून कमी निघाले, तर पाचऐवजी चार खोल्या करा आणि चहाची जागा वाढवा. त्याच काळात इमारतीच्या सोसायटीकडून उत्तरेच्या भिंतीत फ्रेश एअर फॅनसाठी भोक पाडण्याची लेखी परवानगी मागा. भाडेकरारावर सही झाल्यानंतर ती मिळवायला फार त्रास होतो.